झिजायचं कुणी, टिकायचं कुणी

खिशातलं जुनं घड्याळ हाती आलं की मी सगळ्यात आधी बॅलन्स स्टाफची दोन टोकं बघतो. डायल किती पांढरी राहिली आहे, केस चांदीची की निकेलची, मागच्या झाकणावर कुणाची आद्याक्षरं कोरली आहेत, हे सगळं त्यानंतर. स्टाफ म्हणजे बॅलन्स चाकाचा, झोके घेत वेळ राखणाऱ्या चाकाचा, आस. लांबी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर, आणि दोन्ही टोकांना निमुळता होत होत जाडी उरते साधारण 0.10 ते 0.14 मिलिमीटर. या दोन टोकांवर, म्हणजे पिव्हटवर, ते जड चाक सेकंदाला पाच वेळा झोका घेतं. दिवसाचे 4,32,000 झोके, वर्षाचे पंधरा कोटींच्या वर. घड्याळ फरशीवर पडलं की पहिल्यांदा मोडतं ते यातलंच एखादं टोक.

मग हे टोक जाड का केलं नाही, असं पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो. जाड केलं की घर्षण वाढतं, आणि घर्षण वाढलं की वेळ हलते. म्हणून ज्यांनी ही यंत्रं रचली त्यांनी पिव्हट बारीकच ठेवले, पण स्टाफ चाकापासून सुटा करता येईल अशी सोय केली. चाक महाग. त्याच्या कडेला बाहेरून पितळ आणि आतून पोलाद असा जोड असतो, थंडी-उन्हाळ्यात वेळ सांभाळण्यासाठी, आणि त्या कडेत वजन जुळवायला बारीक स्क्रू बसवलेले असतात, चांगल्या घड्याळात तर सोन्याचे. स्टाफ म्हणजे त्यामानाने लेथवर कातलेला पोलादाचा एक तुकडा. घड्याळ पडलं तर स्टाफ जावा, चाक वाचावं, असा हा हिशेब आहे.

हा छंद करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. जुन्या घड्याळातले काही भाग झिजण्यासाठीच दिलेले असतात आणि काही टिकण्यासाठी. पहिल्या प्रकारचे भाग बदलताना मन खाऊ देऊ नये. दुसऱ्या प्रकारच्या भागांना कानस लावण्याआधी हात आवरावा. दुरुस्तीतली बाकीची कौशल्यं सरावाने येतात. ही रेघ कुठे ओढायची ते मात्र दर घड्याळामागे नव्याने ठरवावं लागतं.

मेनस्प्रिंग, म्हणजे किल्ली दिल्यावर घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, हा पहिल्या प्रकारातला सगळ्यात स्पष्ट भाग. जुन्या स्प्रिंगा निळसर कार्बन पोलादाच्या. वर्षानुवर्षं बॅरलमध्ये, म्हणजे त्यांच्या गोल दातेरी डबीत, गुंडाळून राहिल्या की त्यांचा जोर जातो. बाहेर काढल्यावर चांगली स्प्रिंग फेकल्यासारखी पसरायला हवी, उलट्या वळणाने वळायला हवी. थकलेली स्प्रिंग तशीच वेटोळं करून पडून राहते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत गंजाचा एक ठिपका पडला तरी पुरतो, तिथूनच ती कधीतरी किल्ली देताना तुटते. आणि तुटते तेव्हा साठलेला सगळा जोर एका क्षणात उलटा सुटतो. बॅरल मागे फिरतं आणि मधल्या चाकाचे दात, पिव्हट, जे सापडेल ते मोडतं.

अमेरिकेतल्या वॉल्थम कंपनीच्या घड्याळांत यावर एक उपाय दिसतो, आणि तो पहिल्यांदा समजला तेव्हा मी कितीतरी वेळ ते मशीन नुसतं बघत बसलो होतो. मधल्या चाकाचं पिनियन, म्हणजे त्याच आसावरचं छोटं दातेरी चाक, आसावर पक्कं नसतं, आट्यांनी बसवलेलं असतं. घड्याळ सरळ चालताना येणारा जोर त्या आट्या आवळत राहतो. स्प्रिंग तुटून उलटा झटका आला की पिनियन आपोआप सैल होऊन फिरतं आणि झटका तिथेच जिरतो. चार्ल्स फॉग यांच्या नावाचं हे पेटंट 1865 सालचं आहे. काय तुटणार हे त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं आणि तुटल्यावर नुकसान कुठे थांबावं तेही ठरवून ठेवलं होतं. अशा माणसांच्या यंत्रात मेनस्प्रिंग बदलताना त्यांच्या मनातलंच काम आपण करतोय असं मला वाटतं.

आता मिळणारी नवी स्प्रिंग पांढऱ्या मिश्रधातूची असते. ती गंजत नाही आणि सहसा तुटत नाही. पण मापात चूक चालत नाही. रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाचा हूक, चारही गोष्टी जुळायला हव्यात. यातली जाडी सगळ्यात फसवी, कारण स्प्रिंगचा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 0.20 मिलिमीटरच्या जागी 0.21 ची बसवली, तर फरक एका शतांशाचा दिसतो आणि जोर जवळपास 16 टक्क्यांनी वाढतो. बॅलन्स मग इतका मोठा झोका घेतो की त्याचा इम्पल्स ज्वेल, म्हणजे ज्याला ढकलून बॅलन्सला झोका दिला जातो तो बारीक दगड, फिरून पॅलेटच्या, म्हणजे त्याला ढकलणाऱ्या पट्टीच्या, दुबेळक्याला मागच्या बाजूने धडकतो. कानाला लावलं तर घोडा दौडल्यासारखा आवाज येतो आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. ‘जोरदार स्प्रिंग टाकली, आता मस्त चालेल’ असं सांगून दिलेली घड्याळं माझ्याकडे येतात तेव्हा वाईट वाटतं. आत घाण तशीच, तेल वाळलेलं, आणि वरून जास्तीचा जोर. झिजायचं जे काम चाळीस वर्षांत झालं असतं ते पाच वर्षांत उरकतं.

स्टाफ बदलण्याचं काम मात्र संथपणे सांगायला हवं.

आधी मेनस्प्रिंगचा ताण उतरवायचा. मग कॉक, म्हणजे बॅलन्सला वरून धरणारी पट्टी, सोडवून बॅलन्स उचलायचा, हेअरस्प्रिंगचा, म्हणजे बॅलन्सवरच्या केसासारख्या स्प्रिंगचा, स्टड (बाहेरचं टोक धरणारा खुंट) सोडायचा. चाकाच्या आऱ्याच्या संदर्भात स्टड कुठे होता ते कागदावर काढून ठेवायचं, नाहीतर परत बसवताना टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर समान येत नाही. हेअरस्प्रिंग कॉलेटसकट, म्हणजे तिला स्टाफवर धरणाऱ्या कड्यासकट, अलगद काढायची. खालून रोलर, म्हणजे इम्पल्स ज्वेल बसवलेली चकती, काढायचा. आता हातात फक्त चाक आणि त्यात रिव्हेट केलेला स्टाफ उरतो.

इथे घाईचा रस्ता असा की पंच ठेवायचा आणि हातोडीने ठोकून स्टाफ बाहेर काढायचा. निघतो. पण रिव्हेटचा पसरलेला ओठ जाताना आऱ्याचं भोक मोठं करून जातो, कधी आराही वाकवतो. म्हणजे टिकणाऱ्या भागाने झिजणाऱ्या भागाची किंमत मोजली. मला ज्यांनी हे शिकवलं ते पेठेतले काका, आयुष्यभर एकाच टेबलाशी बसलेले, एवढ्या एका गोष्टीवर चिडायचे. “स्टाफ मेलेलाच आहे रे, त्याला काप. चाक जिवंत आहे, त्याला का मारतोस?” लेथमध्ये चाक धरायचं आणि स्टाफचा हब, म्हणजे मधला जाड भाग, कातून कातून इतका पातळ करायचा की उरलेला भाग स्वतःच गळून पडावा. वेळ लागतो. भोक मात्र जसं होतं तसं राहतं.

नवा स्टाफ मग स्टेकिंग सेटवर, म्हणजे पंच सरळ धरून ठोकायच्या साच्यावर, बसवायचा. आधी गोल तोंडाचा पोकळ पंच, त्याने ओठ बाहेर वळतो. मग सपाट पंच, त्याने तो बसतो. हातोडीचे ठोके इतके हलके की शेजारच्या खोलीत ऐकू येऊ नयेत, आणि दर दोन-तीन ठोक्यांनी चाक थोडं फिरवायचं. नंतर चाक कॅलिपरमध्ये फिरवून सपाट आहे का बघायचं. रोलर चढवून ते पॉइझिंग टूलच्या, म्हणजे चाकाचा तोल बघायच्या हत्याराच्या, दोन माणकांच्या धारांवर ठेवायचं. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. पूर्वी तोललेलं चाक स्टाफ बदलल्याने फार बिघडत नाही, हे ध्यानात ठेवावं. खूपच बिघडलेलं दिसलं तर आधी कुणीतरी स्क्रू इकडचे तिकडे केलेत असं समजायचं, आणि धातू काढण्याऐवजी ते स्क्रू जागेवर नेऊन बघायचे.

इम्पल्स ज्वेल रोलरमध्ये लाखेने चिकटवलेला असतो. अमेरिकेतल्या रेल्वेच्या घड्याळात असो की स्विस घड्याळात, पॅलेटचे दगड आणि हा ज्वेल धरून ठेवते ती लाखच, आणि जगाला लाख पुरवण्यात आपल्या देशाचा वाटा फार मोठा. ज्वेल सैल झाला तर आजचा झटपट गोंद वापरण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा. लाख ऊब दिली की पुन्हा मऊ होते, ज्वेल सरळ करता येतो, पुढच्या माणसाला तो काढताही येतो. सुताराकडे पॉलिशसाठी मिळते त्या चपडा लाखेचा एक कण आयुष्यभर पुरेल.

पार्ट कुठून आणायचे, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर घड्याळ कुठलं यावर अवलंबून आहे. 1850 साली आरन डेनिसन आणि त्यांच्या भागीदारांनी मॅसॅच्युसेट्समध्ये जो कारखाना काढला आणि जो पुढे वॉल्थम म्हणून प्रसिद्ध झाला, त्याचं सगळं स्वप्न एकच होतं: यंत्राने बनवलेले, एकमेकांच्या जागी बसणारे भाग. म्हणून वॉल्थम, एल्जिन किंवा हॅमिल्टन या अमेरिकन कंपन्यांच्या मशीनवरचा अनुक्रमांक पाहिला की मॉडेल आणि आकार कळतो, आणि त्या मॉडेलचा स्टाफ आजही जुन्या साठ्यातून, कागदाच्या पुडीत किंवा काचेच्या इवल्या नळीत, मिळू शकतो. तरीही पिव्हटचं माप विचारावंच लागतं. जुन्या मशीनमध्ये एकाच मॉडेलच्या माणकांची, म्हणजे पिव्हट ज्यांत फिरतात त्या दगडांची, भोकं शतांशाने इकडे तिकडे असतात.

स्विस घड्याळांचं वेगळं. डायलवर एका व्यापाऱ्याचं नाव, आतलं मशीन भलत्याच कारखान्याचं. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या ‘वेस्ट एन्ड वॉच कंपनी’च्या घड्याळांचंही तसंच. 1886 पासूनचं हे नाव, मुंबई आणि कलकत्त्यात पेढ्या, ‘सोवार’सारखी मॉडेलं रेल्वे आणि लष्करातल्या लोकांच्या खिशांत. त्याहीआधी, 1865 मध्ये, फाव्र-ल्यूबा ही स्विस कंपनी मुंबईत आली होती. अशा घड्याळात नाव वाचून पार्ट मिळत नाही. डायल काढून किल्लीच्या बाजूची रचना बघायची: सेटिंग लिव्हरच्या, म्हणजे वेळ लावायच्या कळीच्या, स्प्रिंगचा आकार, ब्रिजची वळणं, मशीनचा व्यास. व्यास मोजायचं स्विस एकक म्हणजे लिन्ये, 2.256 मिलिमीटर. या आकारांची जुनी कॅटलॉगं असतात, त्यातल्या चित्रांशी ताडून मशीन ओळखायचं. तासन्‌तास जातात, आणि माझ्या मते या छंदातले हे सर्वांत आनंदाचे तास आहेत.

ओळख पटूनही पार्ट नसला तर उरतो जुना बाजार. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा, मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार. तिथे अंगावर केस नसलेली, डायल हरवलेली मशीनं ढिगाने पडलेली असतात. एक घड्याळ जगवायला दुसरं फोडायचं, हे मला सहज जमत नाही. नियम मी असा घालून घेतला आहे: ज्याचं बॅलन्स चाक, डायल आणि केस तिन्ही जागेवर आहेत ते घड्याळ पार्टसाठी फोडायचं नाही, मग ते कितीही स्वस्त मिळो. तिन्हींतलं एक जरी गेलेलं असेल तर ते दाता होऊ शकतं. आणि दात्याचा जो भाग घेतला त्याची नोंद ठेवायची. बाजारात नेमकं उलटं चालतं. पाच घड्याळांतून एक चकचकीत घड्याळ तयार होतं, डायल नव्याने रंगवली जाते, त्यावर ठसठशीत नाव येतं, आणि ते परदेशी ग्राहकाला ‘अस्सल’ म्हणून जातं. जगभरच्या संग्राहकांमध्ये मुंबईचं नाव या कारणासाठी बद्दू झालं आहे, याचा मला राग येतो, कारण याच शहरात पार्ट मिळत नसताना हाताने पार्ट कातून देणारे कारागीरही होऊन गेले.

माणकांकडे वळू. भोक पाडलेलं माणिक बेअरिंग म्हणून वापरायचं पेटंट लंडनमध्ये 1704 साली घेतलं गेलं, आणि 1902 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हेर्न्यूई यांनी कृत्रिम माणिक करायची पद्धत जाहीर केल्यावर ते स्वस्त झालं. तडकलेलं माणिक बदलायलाच हवं, त्यात दुमत नाही. तडकलेल्या कडा पिव्हट खरवडतात. प्रश्न कसं बदलायचं हा आहे. जुन्या घड्याळात माणिक पितळेच्या बारीक ओठात वळवून बसवलेलं असतं. तो ओठ उघडून त्याच मापाचं माणिक बसवून परत वळवता येतो. सोपा मार्ग म्हणजे भोक रीमरने मोठं करून नव्या पद्धतीचं माणिक दाबून बसवणं. बसतं पक्कं, पण जुना ओठ कायमचा जातो. मी शक्यतो पहिला मार्ग धरतो. अमेरिकन घड्याळांत बॅलन्सचं माणिक छोट्या स्क्रूंनी धरलेल्या स्वतंत्र कड्यात असतं, ते अख्खं कडंच बदलायचं. तिथेही बनवणाऱ्याने रेघ ओढून ठेवलेली आहे.

ही रेघ सगळ्यात पुसट होते ती बिनमाणकाच्या भोकांपाशी. बॅरलचा आस किंवा मधलं चाक पुष्कळ घड्याळांत सरळ पितळात फिरतं. पितळ मऊ, म्हणून धूळ त्यात रुतून बसते आणि उलट पोलादाचाच पिव्हट घासते. दोन्हीकडे झीज. भोक हळूहळू लांबट होतं, बॅरल तिरकं पडतं, दात नीट अडकत नाहीत. अशा भोकाभोवती मला बऱ्याचदा पंचाचे ठिपके दिसतात, सात-आठ, वर्तुळात. आधीच्या कुणीतरी पितळ ठोकून भोक आत ढकललेलं असतं. काम तेवढ्यापुरतं भागतं. प्लेट मात्र कायमची डागाळते, आणि ठोकलेल्या कडा लवकर झिजतात. योग्य उपाय बुशिंगचा आहे. भोकाची न झिजलेली बाजू आधी तेवढीच खायची, म्हणजे मूळ मध्य परत सापडतो. मग रीम करून पितळेचा बुश दाबायचा आणि त्यात नव्याने भोक करायचं. प्लेट टिकणाऱ्या भागांतली, हे मला मान्य आहे. पण झीज तिच्यापर्यंत पोचलीच आहे तर तिथे एक सुटा, बदलता येणारा तुकडा ठेवून द्यावा. पुढे झिजेल तो बुश.

डायल आणि काट्यांना मी हात लावत नाही. मिन्याच्या डायलवरची केसाएवढी चीर तशीच राहू द्यावी. पहिल्या महायुद्धापासून पुढच्या काळातल्या, अंधारात चमकणारे आकडे असलेल्या डायली तर खरवडूच नयेत. तो रंग बऱ्याचदा किरणोत्सारी रेडियमचा असतो. चमक विझली तरी रेडियम संपलेलं नसतं, त्याचं अर्धआयुष्य 1600 वर्षांचं आहे.

आणि जिथे बनवणाऱ्याने रेघ ओढलीच नाही अशी घड्याळं? जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ यांनी 1867 साली कामगाराला परवडावं म्हणून वीस फ्रँकचं घड्याळ आणलं. पुढे त्या धर्तीवर असंख्य घड्याळं निघाली. गांधीजींच्या कमरेला असायचं ते इंगरसॉलही स्वस्त घड्याळांच्याच घराण्यातलं. इंगरसॉलच्या डॉलर घड्याळांत स्टाफची टोकं शंकूसारखी आणि ती स्क्रूच्या खळग्यात फिरतात. टोक बोथट झालं की लेथवर पुन्हा धार काढायची, खळगा घासून गुळगुळीत करायचा, स्क्रू किंचित आत घ्यायचा. बदलायला काही नसतंच. अनेक जण या घड्याळांना ‘दुरुस्तीलायक नाहीत’ म्हणून बाजूला टाकतात. मला ते पटत नाही. ज्या घरात हे एकच घड्याळ होतं त्या घरासाठी ते हॅमिल्टनइतकंच मोलाचं होतं, आणि चालवता येत असेल तर चालवावं.

तयार स्टाफचे जुने साठे संपत चाललेत. त्यामुळे सध्या मी स्टाफ कातायला शिकतोय. निळं टेम्पर केलेलं पोलाद, कार्बाइडचं धारदार ग्रेव्हर, म्हणजे हाताने धरून कातायचं हत्यार, आणि पिव्हट हव्या त्या मापापेक्षा दोन शतांश जाड ठेवून उरलेलं बर्निशरने, म्हणजे घासून चकचकीत करायच्या कठीण पट्टीने, दाबून गुळगुळीत करायचं, म्हणजे पृष्ठभाग कठीण होतो. तपासायची रीत साधी आहे. माणिक पिव्हटवर अडकवायचं. ते मोकळं फिरलं पाहिजे आणि किंचित, पाचेक अंश, कललं पाहिजे. अजिबात कललं नाही तर तेलाला जागा नाही. जास्त कललं तर पिव्हट बारीक झाला, परत पहिल्यापासून.

जुन्या झाकणांच्या आतल्या बाजूला आधीच्या कारागिरांनी सुईने कोरलेल्या खुणा असतात, तारीख, एखादं अक्षर, कधी नुसते आकडे. वाचायला मला आवडतात, पण मी धातूवर कोरत नाही. पातळ कागदाची गोल चकती कापून मागच्या झाकणात ठेवतो. त्यावर काय बदललं, कुठून आणलं, काय तसंच ठेवलं, आणि पिव्हटचं माप. पन्नास वर्षांनी कुणी हे घड्याळ उघडेल तेव्हा हा स्टाफ झिजलेला असणारच. त्याला वर 0.12 आणि खाली 0.12 असं लिहिलेलं मिळालं, तर मोजण्यातला अर्धा दिवस वाचेल.